देवीच्या नावाचा वाल

आमच्या हिच्या मामांनी जन्मात स्वतःच्या हाताने एक रोप लावलेलं नाही, आणि तरीही सगळ्या पोलादपूर तालुक्यात त्यांच्या तोडीचा बागाईतदार झाला नाही, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत आहे. हे मत ते कोणी विचारलं नाही तरी सांगतात. लग्नाच्या मांडवात सांगतात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगतात. महाडात माझं चष्म्याचं दुकान आहे; एकदा तिथे नंबर काढायला बसले असताना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायची सोडून त्यांनी मला मिरचीला पाणी कधी घालावं ते सांगितलं. लोकांच्या नजरा तपासण्यात माझं आयुष्य गेलं. जवळचं न दिसणारे पाहिले, लांबचं न दिसणारे पाहिले, पण समोरचं सोडून फक्त मनातलं स्वच्छ दिसणारा माणूस हा एवढाच. त्या दिवशी सगळ्यात खालची ओळसुद्धा त्यांनी धडाधड वाचून दाखवली. तशी ओळ पाटीवर नव्हती.

मामा मुंबईत प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. निवृत्त झाल्यावर आंबेनळी घाटाच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत असलेल्या आपल्या वाडीत ते परतले, आणि येताना पेन्शनीबरोबर सुपरवायझरकीही घेऊन आले. घरामागे एक लांबट पट्टी होती, पावसात भात घेऊन एरवी मोकळी पडणारी. तिचे त्यांनी चुन्याच्या रेघा मारून भाग पाडले आणि प्रत्येक भागाला डिपार्टमेंट म्हणायला सुरुवात केली. टोमॅटो डिपार्टमेंट, मिरची डिपार्टमेंट, वालाचं डिपार्टमेंट. मामी जिथे भांड्यांची राख टाकायच्या तो कोपरा खत डिपार्टमेंट झाला आणि मामींना आपल्याच घरात राख टाकायला परवानगी घ्यावी लागू लागली. मधोमध प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत मामा, पायात ऐन माघातल्या कोरड्या खडखडीत जमिनीवर गुडघ्यापर्यंतचे गमबूट. कारखान्यात हुकूम हिंदीत द्यायची सवय, त्यामुळे झाडांशीही ते हिंदीत बोलत. काठीवर चढायला आळस करणाऱ्या वेलाला "चलो चलो, ऊपर देखो, टाइमपास नहीं" असं दटावताना मी त्यांना स्वतः ऐकलेलं आहे. वेल चढला की श्रेय मामांचं, वाळला की वेलाच्या अंगातच काम नव्हतं.

आता सुपरवायझर म्हटला की हाताखाली माणसं हवीत. वाडीतली धडधाकट माणसं मुंबईला, उरले म्हातारे आणि पोरं. म्हाताऱ्यांनी मामांना चांगलं ओळखलेलं होतं. राहिली पोरं. "आजकालच्या मुलांना मातीची ओळख नाय राहिली, जावई," असं मला गंभीरपणे सांगून त्यांनी वाडीतली झाडून सगळी पोरं बागेत भरती केली. ज्या पोरांना बसता यायच्या आधी आयांनी भाताच्या बांधावर निजवलं, ज्यांच्या नखांतली माती अंघोळ करूनही निघत नाही, त्यांच्यापुढे मामा मूठभर माती धरून "ही माती" असं सांगायचे. पोरं अतिशय आदराने बघायची. तासाच्या शेवटी मामी ग्लुकोजची बिस्किटं वाटायच्या, हे त्या आदराचं मूळ. पाणी घालायची पद्धत तर पाहण्यासारखी होती. विहिरीपासून पट्टीपर्यंत पोरांची रांग, बादली हातोहात पुढे यायची, आणि शेवटची अर्धी बादली मामा स्वतः उठून वाफ्यात ओतायचे. मग कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "आज पाण्याने दमवलंन."

थंडी सरायला लागली की मामांना वसंत चढतो. रोज सकाळी पोरांना घेऊन ते ओढ्याच्या कडेने निसर्ग दाखवायला निघतात. पांगारा फुललेला असतो, आंब्याला मोहोर आलेला असतो, काजूखाली वास सुटलेला असतो, आणि या सगळ्यातून वर्षभर गुरं घेऊन फिरणाऱ्या पोरांना मामा झाडांची नावं शिकवतात. गेल्या साली त्यांनी काटेसावरीखाली उभं राहून पळसावर भाषण केलं. सोनल नावाची एक दहा वर्षांची चुणचुणीत पोर आहे, पोरांची म्होरकी. ती हळूच म्हणाली, "आबा, ही सावर हाय." मामांनी वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं आणि म्हणाले, "सीझनमध्ये चालतं." आणि खरं सांगायचं तर पोरं त्यांच्याबरोबर हौसेने जायची. त्यांच्याशी इतकं बोलायला दुसरं मोठं माणूस वाडीत रिकामं नव्हतं. हे मी कबूल करतो, पण मामांना कधी सांगितलेलं नाही, नाहीतर तेही एसटीत सांगत फिरले असते.

यंदा मामांच्या मनात वाल होता. आमच्याकडे वाल हे फार सोपं पीक. भात कापला की जमिनीत ओल असते, त्या ओलीवर वाल पेरून मोकळं व्हायचं, पुढे तो दवावर येतो, कोणी त्याला पाणी घालत नाही. गाव पेरून मोकळा झाला तेव्हा मामांची प्लॅनिंगची मीटिंग चालू होती. कुठल्या ओळीत कोण पेरणार, ओळी पूर्व-पश्चिम की दक्षिणोत्तर, यावर पोरांना बसवून त्यांनी इतक्या बैठका घेतल्या की जमिनीतली ओल उडाली. मग वाल पेरला आणि सगळ्या तालुक्यात ज्याला विहिरीचं पाणी घालावं लागतं असा एकच वाल वाढवला. गावाच्या शेंगा पौषात भरल्या. घरोघरी पोपट्या लागल्या; म्हणजे मडक्यात भांबुर्डीचा पाला, शेंगा, बटाटे आणि जाडं मीठ भरून, तोंड पाल्याने बंद करून, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. मामांच्या शेंगा तेव्हा फुलातच होत्या. त्या भरल्या माघ सरता सरता, गावात हिरवी शेंग शोधून सापडत नव्हती तेव्हा. आणि भरल्या त्या अशा टपोऱ्या की बांधावरून जाणारा माणूस थांबून बघायचा. मामांनी तेही प्लॅनिंगमध्येच होतं असं जाहीर केलं.

पण शेंगेला हात लावायचा नाही. कारण मामांची नात. मुलगा-सून मुंबईला, त्यांची ही एकुलती एक सात वर्षांची इरा. मुलाला कॅनडात नोकरी लागली होती आणि होळीच्या आधीच सगळ्यांनी निघायचं ठरलं होतं. जायच्या आधी दोन दिवस येऊन जाऊ, असं मुलगा म्हणत होता आणि दर आठवड्याला ते पुढे ढकलत होता. मामा रोज संध्याकाळी फोनवर इराला सांगायचे, "तुझ्यासाठी शेंगा राखल्यात. पहिली शेंग तू तोडायची, मग पोपटी लावू." आणि फोन ठेवला की बागेत जाऊन शेंगा चाचपायचे. त्या पोरीने या जमिनीतलं काहीतरी एकदा स्वतःच्या हाताने तोडून खावं, एवढं एकच त्यांना हवं होतं. इतका मोठा सुपरवायझर, पण ही गोष्ट बोलताना त्यांचा आवाज लहान व्हायचा.

इकडे स्टाफ बेचैन. पोरांनीच पेरलेलं, पोरांनीच शिंपलेलं, आणि पिंट्यासारखा खादाड पोरगा रोज विचारणार, "आबा, पोपटी कधी?" एक-दोन शेंगा गायब झाल्या तशी मामांची झोप उडाली. आणि मग त्यांनी एक अशी युक्ती केली की जी फक्त आमच्याच भागात चालते आणि आमच्याच भागात अंगावर येते. एका सकाळी त्यांनी पोरांना ओळीने उभं केलं आणि सांगितलं की पहाटे स्वप्नात ग्रामदेवी आली होती. "म्हणाली, हा वाल माझ्या नावाचा. शिमग्याला माझी पालखी अंगणात येईपर्यंत कोणी शेंगेला हात लावायचा नाय."

तुम्ही म्हणाल, पोरं हसली असतील. छे. सोनलने तिथल्या तिथे हात जोडले. मामींनी हे ऐकलं, आणि नवरा आयुष्यात पहिल्यांदा देवाधर्माचं बोलतोय म्हणून डोळ्यांत पाणी आणून त्यांनी बांधावर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याला जाणाऱ्या बायका त्या बांधापाशी चप्पल काढायला लागल्या. पोरं पाळीपाळीने राखणीला बसली. शेळी सोडाच, कोंबडीलाही त्यांनी वालाकडे फिरकू दिलं नाही. मामांनी मला फोन करून सांगितलं, "जावई, कारखान्यात सहा वॉचमन होते, पण अशी सिक्युरिटी बघितली नाय." मी त्यांना विचारलं, की इरा तर शिमग्याच्या आधीच येऊन जाणार, मग? तर म्हणाले, "तुम्ही निगेटिव्ह बोलता."

आणि इरा आली. फाल्गुन नुकता लागला होता, शिमगा पुढे होता, अशा एका शनिवारी सकाळी मुलाचा फोन आला की आम्ही निघालोय, उद्या जेवून परत फिरायचं, पुढच्या शनिवारी विमान. मामांनी मला फोन केला, "महाडच्या बाजारातून एक चांगलं मडकं घेऊन ताबडतोब या. आज पोपटी." मी दुकान माझ्या मुलाच्या हवाली केलं आणि मांडीवर मडकं घेऊन निघालो. पोचलो तेव्हा इरा नवाकोरा फ्रॉक आणि पांढरे बूट घालून बांधावर उभी होती, हातात मामांनी दिलेली टोपली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घसा खाकरून म्हणाले, "हां बाळा. तोड पहिली शेंग."

"नाय आबा," सोनल म्हणाली.

सगळी पोरं वालापुढे आडवी उभी राहिली होती. उद्धटपणे नाही. उलट त्यांना मामांचंच वाईट वाटत होतं. म्हातारपणी माणूस विसरतो. "देवीचं हाय ते. पालखी यायची हाय अजून," सोनलने त्यांना समजावणीच्या सुरात सांगितलं. मामा हसले, म्हणाले अगं पाहुणी आहे, चालतं. पोरं हलली नाहीत. मग मामांनी मामींकडे बघितलं. मामी म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघता? देवी तुमच्या स्वप्नात आली हुती, माझ्या नाय." मामा घरात गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले की आता जरा डोळा लागला होता, देवी पुन्हा आली, म्हणाली नातीला तोडू दे. सोनल म्हणाली, "आबा, तुमी झोपलातच नाय. तुमी ओटीवर डोक्याला हात लावून बसला हुतात." मी मडकं घेऊन उभा होतो. मला हसू आवरत नव्हतं, आणि इराकडे बघितलं की हसताही येत नव्हतं, कारण ती टोपली घेऊन अगदी सरळ उभी होती, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

"मग आता?" इराने विचारलं.

"कौल लावायचा," सोनल म्हणाली.

"म्हणजे?"

"देवीला विचारायचं."

"मग विचारू या ना," इरा म्हणाली आणि सोनलचा हात धरून चालायला लागली. मामांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. इन्कम टॅक्सवाले दारात आल्यावर माणसाचा होतो तसा झाला होता.

वाडीच्या डोक्यावर देवीचं देऊळ आहे. आम्ही सगळे तिथे गेलो. मामा, मामी, मुलगा, सून, पोरं, आणि वाटेत काय झालं म्हणून विचारणाऱ्या आणि न सांगताच मागे येणाऱ्या चार बायका. कौलाची रीत अशी, की गुरव देवीच्या दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. गुरव म्हातारा, कडक. त्याने विचारलं, "गाऱ्हाणं काय?" मामा म्हणाले, "तसं विशेष नाय. थोडा कम्युनिकेशनमध्ये प्रॉब्लेम झाला." गुरव म्हणाला, "देवीशी सरळ बोला." मामा म्हणाले, स्वप्नाच्या बाबतीत जरा डेटचा घोळ आहे. गुरव नुसता पाकळ्या हातात धरून उभा राहिला. बाहेर पांगाऱ्यावर पाखरं ओरडत होती तेवढाच आवाज. मामांनी एकदा पोरांकडे बघितलं. ज्यांना त्यांनी महिनोन् महिने शिस्त, टायमिंग आणि सचोटी यांवर लेक्चर दिली होती, ती सगळी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"स्वप्न पडलंच नव्हतं," मामा म्हणाले. "पोरं शेंगा खातील म्हणून मी खोटं बोललो."

मामींनी फक्त एवढंच म्हटलं, "माझा नारळ गेला." पिंट्याच्या चेहऱ्यावर आपण इतके दिवस फुकट उपाशी राखण केली हे हळूहळू उमटत होतं. मामा पुढे कोणाकडे न बघता बोलत राहिले, देवीकडेही नाही, जमिनीकडे. "ही माझी नात. पुढच्या आठवड्यात लांब जाणार. परत कधी येईल, आली तर मी असेन का, ठाऊक नाय. तिनं आपल्या इथलं काहीतरी तोडून खावं, एवढंच हुतं माझ्या मनात. ह्या पोरांचा विचार नाय केला मी." त्यांच्या बोलण्यातली सगळी मुंबई गळून पडली होती. मामांच्या तोंडून इंग्रजी शब्दावाचून एवढं बोलणं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

गुरवाने पाकळ्या लावल्या. "बाय माझे, लेकरू चुकलंय, पदरात घे. नातीला शेंगा तोडायची परवानगी असल तर उजवी दे." बराच वेळ काही हललं नाही. मुलगा घड्याळाकडे बघत होता. आणि डावी पाकळी पडली. बायकांनी चुकचुक केली. इराला काही कळलं नाही, पण मामांनी डोळे मिटून घेतले. मला वाटतं त्या क्षणी त्यांना देऊळ सोडून घाटात निघून जावंसं वाटलं असेल. तेवढ्यात सोनल पुढे सरकली आणि गुरवाला म्हणाली, "बाबा, आमी सगळ्यांनी मिळून तोडल्या तर? तिच्यासंगं?" गुरवाने तिच्याकडे बघितलं, पुन्हा पाकळ्या लावल्या, आणि हाच प्रश्न देवीला विचारला. पहिली ओंजळ तुझ्या पायाशी, एवढं वरून घातलं. त्याच वेळी पिंट्या जोरात शिंकला आणि उजवी पाकळी पडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या बायकोचं ते आजोळ आहे आणि मला तिथे अजून जेवायला जायचं असतं.

मग काय विचारता. पोरं वालात अशी घुसली की टोमॅटो आणि मिरची डिपार्टमेंट दोन्ही भुईसपाट झाली. इराचे पांढरे बूट कुठल्या वाफ्यात रुतले ते नंतर मामींना कळलं. सोनल तिला शेंग कशी चाचपायची, भरलेली कुठली नि पोचट कुठली ते दाखवत होती. पिंट्या भांबुर्डीचा पाला ओरबाडून आणत होता. पहिली ओंजळ देवळात पोचली, मडकं भरलं, उपडं घातलं, पेंढा आणि काटक्या पेटल्या, आणि दिवस मावळताना त्या पट्टीवर असा खमंग वास सुटला की देवीसुद्धा पालखीची वाट न बघता आली असती. मडक्यावर पाण्याचा शिपका मारला, चर्र झालं, पोपटी उतरली. मामा खुर्चीत बसले नाहीत. गमबूट काढून जमिनीवर मांडी घालून बसले आणि गरम शेंगा सोलून सोलून दाणे ज्याचा हात पुढे येईल त्याच्या हातावर ठेवत राहिले. धुरात कोणाचा हात कोणाचा ते कळत नव्हतं. एका वेळी त्यांनी माझ्याही हातावर ठेवले. "आबा खोटं बोलत्यात, पण शेंगा भारी हायत," असं पिंट्याने सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं, आणि मामा त्याला म्हणाले, "खा रे बाबा. तुझ्याच हायत." इराचं तोंड कानापर्यंत काळं झालं होतं. तिची आई फोटो काढत होती आणि कपडे खराब झाले म्हणत होती, दोन्ही एकदम.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती मंडळी निघाली. निरोपाचं काही फारसं झालं नाही. इरा सोनलशीच बोलत होती, गाडी सुरू झाल्यावर तिला आठवण करून द्यावी लागली, मग तिने काचेतून आजोबांना हात केला. गाडी खालच्या वळणाला गेली. मामी डोळे पुसत आत गेल्या. मी आणि मामा रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. उन्हं तापली होती, आंब्याच्या मोहोराचा वास येत होता. माझ्या मनात त्यांना चिडवायच्या दोन-तीन गोष्टी तयार होत्या, रात्रभर जुळवलेल्या.

"जावई," मामा म्हणाले, "तिकडं गेल्यावर हिला ही चव आठवेल का हो?"

सात वर्षांच्या पोरीला एका संध्याकाळच्या शेंगांची चव किती दिवस आठवणार, हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही ठाऊक होतं. "आठवेल की," मी म्हणालो. "जन्मभर आठवेल."

मामांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला खोटं बोलता येत नाय, जावई," ते म्हणाले. मग पुन्हा त्या रिकाम्या वळणाकडे बघत म्हणाले, "पण परत एकदा म्हणा."

मी परत म्हणालो.